काटा खाली, काटा वर

रोज सकाळी चहाची किटली ठेवण्याआधी ग्लेनिस प्रोबर्ट चोरी करायची. म्हणजे चोरी कसली, स्वतःच्याच स्वयंपाकघरात स्वतःच्याच बॉयलरमध्ये पाणी भरायची. पण ज्या तऱ्हेने ती अनवाणी यायची, जिन्याकडे कान लावायची आणि कपाटाचं दार करकरू नये म्हणून एका हाताने उचलून धरायची, ते पाहून कुणालाही वाटलं असतं की बाई कुठेतरी डल्ला मारतेय. कपाटात घर गरम ठेवणारा बॉयलर होता आणि त्याच्या पोटावर दाब दाखवणारी गोल तबकडी. काटा हिरव्या पट्ट्यात असायला हवा. रोज सकाळी तो शून्यावर लोळत पडलेला असायचा. ग्लेनिस खालचा छोटा नळ फिरवायची, पाणी सळसळत आत जायचं, काटा हळूहळू उठून हिरव्यात यायचा. मग ती नळ घट्ट आवळायची, ओघळलेला थेंब एप्रनने पुसायची आणि किटलीखालचा गॅस पेटवून निरागस चेहऱ्याने उभी राहायची.

पाणी भरणं हे खरं तर नवऱ्याचं, एम्रिसचं काम. प्रोबर्टांच्या घरात कामांची वाटणी लग्नापासून झालेली होती आणि त्यात कुणी कुणाच्या हद्दीत पाऊल टाकत नसे. स्वयंपाक आणि पडदे तिचे, बाग आणि जे जे काही गळतं, ठिबकतं किंवा खडखडतं ते त्याचं. आणि काटा म्हटलं की एम्रिसचा शब्द शेवटचा. खोऱ्यातली कोळशाची खाण चालू होती तेव्हा तो खाणीच्या तोंडाशी माणसं खाली-वर नेणाऱ्या पाळण्याचं इंजिन चालवायचा. सकाळची पाळी खाली सोडायची, दुपारची वर काढायची, आणि समोरच्या तबकडीवरचा डोळा हलवायचा नाही. पाळण्यात भरलेली माणसं त्याच्या डोळ्याच्या भरवशावर खाली जायची. "काट्याने मला आयुष्यात कधी फसवलेलं नाही," असं तो आजही चॅपेलच्या गायनमंडळात कुणी ऐको न ऐको सांगत असे.

त्यामुळेच तर ग्लेनिस चोरून पाणी भरत होती. ती रात्री झोपताना विचारायची, "बॉयलर बघितलास ना रे?" आणि तो पांघरुणातून म्हणायचा, "बघितला की. सगळं ठीक." आणि सकाळी काटा शून्यावर. एकदा झालं, तिने सोडून दिलं. रोज व्हायला लागलं तेव्हा तिने बोलणंच सोडलं. ज्या माणसाने आयुष्यभर काटे वाचले त्याला काटा वाचल्याचं आठवत नाही, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं?

आणि इडवलची गोष्ट घरात कुणीच विसरलं नव्हतं. इडवल म्हणजे एम्रिसचा थोरला भाऊ. त्याचंही विसरणं असंच गॅसच्या बटणापासून सुरू झालं. मग चाव्या, मग नावं. वहिनीने बरेच दिवस झाकून ठेवलं, सांभाळून घेतलं, आणि शेवटी पाँटिप्रीथच्या वृद्धाश्रमात तो एम्रिसला "तुम्ही दूधवाले का?" असं अदबीने विचारायला लागला.  त्या दिवशी घरी आल्यावर एम्रिस म्हणाला, "ग्लेनिस, माझं असं झालं तर मला कळू देऊ नकोस." ती "हो" म्हणून बसली होती.

म्हणून ती कळू देत नव्हती.

पण तिला स्वतःला तर कळायला हवं होतं. मग तिने परीक्षा घ्यायला सुरुवात केली, ती कळणार नाही अशी. बटाटे सोलता सोलता विचारायची, "आपल्या लग्नाचा केक कुणी केला होता रे?"

"ओल्वेन वॉटकिन्सने. मनुका जळल्या होत्या. का गं?"

"काही नाही, सहज."

एम्रिस उत्तर द्यायचा, बरोबर द्यायचा, पण देताना तिच्याकडे असा टक लावून बघायचा की तिला वाटे, बिचारा किती जोर लावून आठवतोय. आणि मग हिवाळा ऐन भरात असताना एक दिवस त्याचा गायनमंडळाचा कोट इस्त्रीला काढायला तिने कपाट उघडलं. कोटामागे बुटांच्या शेजारी तिचं पुडिंगचं भांडं होतं. भांडं काठोकाठ काळ्या पाण्याने भरलेलं, लोखंडाचा वास येणारं, आणि वर तिचीच बशी नीट झाकलेली. ग्लेनिस पलंगाच्या कडेला बसली आणि तोंडावर कोट घेऊन रडली. नंतर भांडं जिथल्या तिथे ठेवलं, कोट तसाच टांगला आणि खाली येऊन कार्डिफला मुलीला फोन लावला.

एलेरी ऐकून घेणारी मुलगी होती, पण तिचं एक टुमणं होतं. तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी नवी घरं झाली होती. खाली देखरेखीला माणूस, मदतीला बोलवायचं तर भिंतीला ओढायची दोरी, जिना नाही. दर फोनला ती दोरी यायचीच. आणि दर फोनला एम्रिस मागून ओरडायचा, "मी या खोऱ्यातून आडवाच बाहेर पडेन म्हणावं!"

"एलेरी," ग्लेनिस कुजबुजत म्हणाली, "ते घर बघायला रविवारी येतो आम्ही. बाबांना सांगू नकोस मी हो म्हणाले म्हणून. तूच परत विषय काढ."

 पलीकडून एलेरी विचित्र आवाजात म्हणाली, "बरं, आई."

फोन ठेवल्यावर ग्लेनिसने आपल्या स्वयंपाकघराकडे बघितलं. खिडकीतून समोरचा डोंगर, मेंढ्या, मागच्या गल्लीत वाळत घातलेले कुणाचे तरी कपडे. या घरात ती नवरी म्हणून आली होती. तिला हे घर सोडायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. पण माणूस की भिंती, असा प्रश्न आला तर त्यात विचार कसला करायचा?

शुक्रवारी दव गोठलं आणि बॉयलरने मान टाकली. ग्लेनिस भरत होती तरी काटा उठेना, नळाचा आवाजच येईना. पाठीमागून जिन्यावर पावलं वाजली आणि एम्रिस स्वेटर उलटा घालून दारात उभा राहिला.

"तू काय करतेयस तिथे?"

"मी? काही नाही. मीठ शोधतेय."

"बॉयलरमध्ये?"

त्याने पुढे काही विचारलं नाही. तेच तिला लागलं. एरवी हा माणूस एवढ्यावर दुपारपर्यंत टिंगल करत बसला असता. तो फक्त हळूच तिच्या हातावरून हात फिरवून म्हणाला, "राहू दे. तू बस. मी बघतो." लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला. मग तासभर त्याने स्पॅनर आपटले, नळाला शिव्या घातल्या, आणि घर बर्फासारखं झालं तेव्हा ग्लेनिसने त्याला न विचारता कॅरिसला बोलावलं.

कॅरिस पॅरी म्हणजे खोऱ्यातली गॅसवाली, सगळ्यांचे बॉयलर दुरुस्त करणारी. शाळेत असताना ती ग्लेनिसच्या हातचं जेवायची, कारण ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती, आणि कॅरिसने एकदाही कोबी संपवला नव्हता. आता ती दांडगी, हसरी, गुडघे दुखणारी बाई झाली होती. ग्लेनिसने तिला पुढच्या दारातच गाठलं.

"हे बघ कॅरिस, मावशीचं एक ऐक. आत काहीही सापडलं, कुणी नळ उघडा ठेवलेला, बंद करायला विसरलेला, काहीही, तरी तू म्हणायचं की मशीनचाच दोष आहे. एम्रिससमोर दुसरं काही बोलायचं नाही. समजलं?"

कॅरिसने तिच्याकडे बघितलं, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "समजलं, मावशी." मग हत्यारांची पेटी राहिली म्हणून ती मागच्या गल्लीतल्या गाडीकडे गेली. तिथे तिला बराच वेळ लागला. परत आली तेव्हा तिच्यामागून एम्रिस येत होता, आणि कॅरिसचा चेहरा खोकला दाबल्यासारखा लाल झाला होता.

तिने बॉयलरचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला, नळाची गाळणी साफ केली आणि पाणी भरलं. काटा उठला, हिरव्यात आला. तिने नळ बंद केला, एवढंच नाही तर त्याची लवचिक नळी काढून सरळ टेबलावर ठेवली.

"आता पाणी आत जाण्याचा रस्ताच नाही. बरोबर? आता मी हीटिंग चालू करते. कुणीही कशालाही हात लावायचा नाही. मावशी, हात एप्रनच्या खिशात. काका, तुमचे पाठीमागे."

बॉयलर धडधडला आणि पेटला. तिघं कपाटासमोर चॅपेलमध्ये उभं राहावं तशी उभी राहिली. नळ्या टकटकायला लागल्या. आणि काटा चढायला लागला. हिरव्याच्या टोकाला आला, तिथे थांबला नाही, पुढे गेला, लाल पट्ट्याजवळ गेला. बाहेर गल्लीत भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या नळीतून गरम पाणी फुर्रकन दगडावर पडलं.

"कोण भरतंय?" एम्रिस एकदम म्हणाला. त्याने ग्लेनिसचे हात बघितले. ते खिशातच होते.

"कुणी नाही, काका." कॅरिसने हीटिंग बंद केलं. "आता चहा घेऊ. गार झालं की बघा."

चहा झाला, तव्यावरचे वेल्श केक झाले, कॅरिसने तीन खाल्ले. कुणी जागेवरून हललं नाही. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काटा उतरत गेला. हिरव्यातून खाली आला, आणखी खाली गेला आणि शून्यावर जाऊन लोळला.

कॅरिस बॉयलरच्या आत हात घालून एका लाल डब्यावर टिचकी मारत म्हणाली, "याच्यात रबरी पडदा असतो. एका बाजूला हवा, एका बाजूला पाणी. पाणी तापलं की फुगतं, मग हवा जरा सरकून त्याला जागा देते. तुमचा पडदा फाटलाय." तिने डब्याची सायकलच्या ट्यूबसारखी टोपी काढून आतली पिन दाबली. हवेऐवजी काळ्या पाण्याची पिचकारी तिच्या बाहीवर उडाली. "हे बघा. हवाच नाही. म्हणून तापलं की काटा वर जातो, जास्तीचं पाणी बाहेर फेकलं जातं, आणि गार झालं की आत काही उरत नाही. महिनोन्‌महिने चाललं असणार. कुणी भरलं नसेल तरी तो वर गेला असता आणि कुणी विसरलं नसेल तरी खाली आला असता."

ग्लेनिसने खुर्चीचा हात धरला.

"कुणी विसरलं नसेल तरी?"

"तरीही. आणि ऐका, मला आता राहवत नाही." कॅरिसने चहाचा मग खाली ठेवला. "मावशी, तुम्ही पुढच्या दारात मला सांगितलंत की काकांची चूक असली तरी बॉयलरवर ढकल. आणि काकांनी गल्लीत माझी बाही धरून सांगितलं की मावशींची चूक असली तरी बॉयलरवर ढकल. मी दोन्हीकडे हो म्हटलं. तर तुम्हा दोघांचं समाधान होवो, चूक बॉयलरचीच आहे. मी बाहेर जाऊन नव्याचं माप आणि नळ्या बघते. तुमचं काय ते मिटवा."

ती गेली. 

एम्रिसने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "मी तुला जिन्यावरून बघितलं होतं गं. पाणी भरताना. मग विचारलं, भरलंस का? तू म्हणालीस, नाही. डोळ्यात डोळे घालून म्हणालीस. मला वाटलं, हिला आठवतच नाहीये. परत परत भरतेय आणि विसरतेय. संध्याकाळी बघावं तर काटा लालला टेकलेला. फुटेल एखाद्या दिवशी म्हणून मी वरच्या खोलीतल्या रेडिएटरमधून पाणी काढायचो. तुला वाईट वाटू नये म्हणून लपून."

"माझ्या पुडिंगच्या भांड्यात!"

"दुसरं बसत नव्हतं खाली."

"ते कपाटातलं... अरे देवा, एम्रिस, मला वाटलं तू..." तिने एप्रनने डोळे पुसले. "मी म्हणाले नाही भरलं, कारण तू भरायला विसरतोस हे तुला कळू नये म्हणून. तूच म्हणाला होतास, मला कळू देऊ नकोस."

"आणि ते केक कुणी केला, पहिला पाद्री कोण, एलेरीचा दात कधी पडला, हे सगळं?"

"परीक्षा होती तुझी."

एम्रिस म्हणाला, "मला वाटलं तुला आठवत नाहीये म्हणून विचारतेस. मी दर वेळी सांगायचो, आणि मनात म्हणायचो, हेही गेलं हिच्या डोक्यातून, ओल्वेनचा केकसुद्धा गेला." त्याचा आवाज फाटला. एवढा मोठा गायनमंडळातला खर्ज, पण पार फाटला. "मी एलेरीला फोन केला, ग्लेनिस. सांगितलं, ते दोरीवालं घर घेऊन टाक. आईला सांगू नकोस मी म्हणालो म्हणून."

"तू? तू तर आडवाच बाहेर पडणार होतास."

"तुझ्यासाठी उभा पडलो असतो."

 ग्लेनिसने उठून त्याच्या टकलावर आधी एक चापट मारली, आणि मग तिथेच ओठ टेकले. दोघंही अंगावर कोट घालून, गार स्वयंपाकघरात, एकमेकांना धरून हसली आणि रडली. कोणतं कधी थांबलं आणि कोणतं सुरू झालं, त्यांनाही सांगता आलं नसतं. मग एलेरीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"एकदाचं बोललात का एकमेकांशी?" एलेरी म्हणाली. "आई सांगते बाबा विसरतात, बाबा सांगतात आई विसरते, आणि दोघंही मला गप्प बसायला लावतात. मला रात्र रात्र झोप नाही. मला वाटलं दोघांचंही गेलं!"

"रविवारी तूच ये," ग्लेनिस म्हणाली. "मटणाचा रस्सा करते, लीकची कांदापात घालून. आणि येताना ती दोरी आणू नकोस."

नुसता लाल डबा बदलून भागणार नव्हतं. एकीने रोज ताजं पाणी पाजून आणि दुसऱ्याने ते काढून काढून दोघांनी बॉयलर आतून गंजवला होता. दोघांच्या प्रेमाने तो बिचारा मेला, असं कॅरिसने तोंडावर सांगितलं आणि दोघांनीही मान खाली घालून ऐकून घेतलं. सोमवारी तिने जुना उतरवला. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला. एम्रिस गल्लीत गाडीपर्यंत त्याला एका बाजूने उचलू लागला आणि ठेवताना पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "आम्हा दोघांचंही डोकं फिरवलंस की रे." नव्याला काटा नव्हताच, हिरवे आकडे होते. एम्रिसला ते पटलं नाही. आकड्यांकडे बघून दाबाचा अंदाज येत नाही, असं त्याचं म्हणणं. तरी रोज सकाळी तो बघायचा, आणि आता ग्लेनिस शेजारी चपला घालून उभी राहायची.

त्या शुक्रवारीच त्यांनी एक ठरवलं होतं. आता झाकायचं नाही. जे निसटेल ते ज्याचं निसटलं त्याने सांगायचं, आणि आधी घरात, मग एलेरीला. इडवलच्या वेळी तिच्याकडून घेतलेल्या शब्दातून एम्रिसने तिला स्वतःहून मोकळं केलं.

डोंगरावर कोकरं दिसायला लागली तेव्हा एका सकाळी बॉयलरसमोर उभ्या उभ्याच एम्रिस गालात हसत म्हणाला, "सांग बघू, आपल्या लग्नाचा केक कुणी केला होता?"

ग्लेनिस उत्तर द्यायला वळली आणि नाव आलंच नाही. बाईचा चेहरा दिसत होता, जळक्या मनुका दिसत होत्या, टोपीवरचं पीस दिसत होतं. नाव नव्हतं.  जुनी ग्लेनिस असती तर म्हणाली असती, चल, किटली उतू जातेय. तिने एप्रनचं टोक मुठीत धरलं.

"आठवत नाहीये, एम्रिस."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पण तो घाबरला नाही, किंवा घाबरला असेल तर तिला दिसू दिलं नाही. त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"ओल्वेन वॉटकिन्सने."

"ओल्वेन," ती म्हणाली. "हो. ओल्वेन."

"बास. मला माहीत आहे ना, मग झालं. दोघांत मिळून एक डोकं पुरतं."

मग त्याने टोपी घातली, हातोडी आणतो म्हणाला आणि बागेत गेला. ग्लेनिसने चहा ओतला.  थोड्या वेळाने मागच्या दाराबाहेरून, बागेच्या टोकाच्या शेडमधून एम्रिसचा खर्ज आला, "ग्लेनिस! मी इथे कशाला आलो होतो गं?"

तिने खिडकी वर ढकलली. शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली.

"हातोडी न्यायला!" ग्लेनिस ओरडली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, आणि तिने ते जाऊ दिलं.